उन्हाळ्यात हॅमस्टरला गार कसं ठेवायचं, आणि नुसता पंखा का पुरत नाही

सगळ्यात आधी एक थर्मामीटर घ्या आणि तो पिंजऱ्यात ठेवा. भिंतीवर नाही, पिंजऱ्यात, आणि तोही जिथे हॅमस्टर झोपतो साधारण त्या उंचीला. मी पहिल्या उन्हाळ्यात भिंतीवरचा आकडा बघून निवांत होते, २७ दाखवत होता, म्हटलं चालतंय की, आणि मग सहज म्हणून तोच काढून काचेच्या टाकीत ठेवला तर थोड्या वेळात ३०! काचेच्या टाकीत हवा खेळत नाही, त्यातून वर प्लॅस्टिकचं घर, त्या घरात कागदाचं गुबगुबीत घरटं, म्हणजे आमचे बंडूशेठ (माझा हॅमस्टर) आत स्वेटर घालूनच बसलेले.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. १८ ते २४ अंश सेल्सियस म्हणजे मजेत. २६-२७ च्या पुढे गेलं की तुम्ही हालचाल करायची. ३० च्या वर गेलं की धोका, तिथे "बघू संध्याकाळी" असं करायचं नाही. म्हातारा किंवा जाड हॅमस्टर असेल किंवा लांब केसांचा असेल तर त्याला त्याच्याही आधी त्रास सुरू होतो.

आता पंख्याचं. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं कारण आपल्याला घाम येतो आणि वाऱ्याने तो वाळतो. हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येतच नाही, कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकणंही त्याला नीट जमत नाही. त्यामुळे पिंजऱ्यावर पंखा रोखून धरला तर त्याच्या अंगावर फक्त गरम वारा येतो, डोळे कोरडे पडतात आणि तो बिचारा कोपऱ्यात दबून बसतो. पंखा लावा, पण खोलीतली हवा हलावी म्हणून, त्याच्या तोंडावर नको.

मग तो स्वतःला गार करतो कसा? तर गार जागी जाऊन. एवढंच. "अहो तो वाळवंटातला प्राणी, त्याला काय उन्हाचं" असं सांगणारे खूप भेटतात. सीरियन हॅमस्टर मूळचा सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासच्या शेतजमिनीतला, आज घरोघरी असलेले बहुतेक सगळे सीरियन हॅमस्टर १९३० साली तिथे पकडलेल्या एकाच कुटुंबाचे वंशज आहेत, आणि तिथे ऊन कडक असतं हे खरंच आहे पण तो उन्हात बसतोय कुठे, तो जमिनीखाली अर्धा-एक मीटर खोल बिळात असतो जिथे ऊन पोचतच नाही. आपण त्याचं बीळ काढून घेतलंय आणि त्याला टाकीत ठेवलंय, तेव्हा गार कोपरा द्यायचं काम आपलं. आणि कोपराच द्यायचा, अख्खा पिंजरा बर्फ करायचा नाही. एक बाजू गार, एक बाजू नेहमीसारखी, कुठे बसायचं ते त्याला ठरवू दे.

पहिली गोष्ट जागा. खिडकीतून ऊन सकाळी कुठे पडतं आणि चार वाजता कुठे सरकतं ते एक दिवस बघून ठेवा, आपण सकाळी सावली बघून पिंजरा ठेवतो आणि दुपारी बरोबर त्याच्यावरच ऊन येतं. वरच्या मजल्यापेक्षा खालची खोली बरी, टेबलापेक्षा जमीन बरी (मांजर नसेल तर). फ्रीजच्या मागे, टीव्हीच्या शेजारी, काँप्युटरजवळ अजिबात नको. स्वयंपाकघर तर नकोच.

मग फरशी. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी उपाय. एक साधी सिरॅमिक टाइल किंवा गुळगुळीत दगडाचा तुकडा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा आणि मग टाकीच्या एका बाजूला सपाट ठेवायचा. फ्रीजरमध्ये नाही हां, फ्रीजमध्ये. दोन टाइल असल्या तर एक आत एक बाहेर अशी अदलाबदल करता येते. बंडूने पहिल्यांदा काय केलं माहितीये, लांबूनच वास घेतला, एक पुढचा पाय टेकवला, चटकन मागे घेतला, गेला निघून. मला वाटलं फसला प्रयोग. दहा मिनिटांनी बघते तर साहेब टाइलवर पोट टेकून, मागचे दोन्ही पाय लांब ताणून पसरलेले, हनुवटी पण टाइलवर. एखादं मातीचं भांडं आडवं ठेवलं तरी छान गुहा होते, ते पण आधी गार करून घेता येतं.

बर्फाची बाटली सगळे सांगतात, पण नीट कोणी सांगत नाही. प्लॅस्टिकची बाटली पाऊण भरा, पूर्ण भरली तर गोठताना फुगते. गोठली की फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवून ठेवा. आत ठेवू नका. मी ठेवली होती, जुन्या मोज्यात घालून, तर मोजा कुरतडून त्याचे दोरे गालात भरून झाले, बाटलीला सुटलेल्या पाण्याने खालचं बेडिंग (तळाला पसरलेला भुशाचा किंवा कागदाचा थर) ओलं झालं आणि तो कोपरा दुसऱ्या दिवशी कुबट. दोरे पायात अडकले असते तर वेगळाच उद्योग. बाहेरूनच ठेवा, काचेतून गारवा पोचतो.

ओलं फडकं पिंजऱ्यावर टाकणं हा अर्धवट उपाय आहे. जाळीचा पिंजरा आणि कोरडी हवा असेल तर अर्ध्या भागावर टाकून फायदा होतो, पण दमट हवेत पाणी वाळतच नाही त्यामुळे गारवा शून्य आणि आत नुसती घुसमट, आणि टाकीच्या झाकणावर टाकलं तर होती ती हवापण बंद. पाण्याच्या कूलरचंही तेच. एसी असेल तर उत्तम, २३-२४ वर ठेवा आणि झोत त्याच्यावर येऊ देऊ नका. दिवसभर १८ आणि संध्याकाळी बंद करून एकदम ३४ असा खेळ मात्र नको.

बेडिंग कमी करू का, असं विचारतात. नका करू. खोल थर असला तर तो खाली खणत जातो आणि दुपारचा चढता उकाडा तिथे जरा उशिरा पोचतो. पण खोली दिवसरात्र तापलेलीच असेल तर तळही तापतो, तेव्हा बेडिंगवर विसंबून राहू नका. लोकर किंवा कापसासारखं घरटं असेल तर ते काढाच (एरवीही नको ते).

पाणी दिवसातून दोनदा बदला, आणि पाण्याच्या बाटलीच्या नळीच्या टोकाची गोळी बोटाने दाबून बघा, अडकलेली असली तर बाटली भरलेली दिसते आणि तो तहानलेला. मी बाटलीसोबत एक बुटकी वाटीपण ठेवते. काकडीचा नखाएवढा तुकडा चालतो, जास्त दिला तर पोट बिघडतं आणि मग उलट पाणीच जातं अंगातलं. उरलेलं तो घरट्यात लपवतो, ते रोज शोधून काढायचं, उन्हाळ्यात काही तासांत सडतं.

पाण्याने आंघोळ कधीच नाही. वाळूची आंघोळ द्या, म्हणजे भांड्यात वाळू ठेवायची, तो तिच्यात लोळतो, बारीक पावडर नको, वाळूच, आणि वाळूचं भांडं फ्रीजमध्ये गार करून दिलं तर खूशच होतात. दिवसा उठवून खेळवू नका, आणि त्या प्लॅस्टिकच्या बंद चेंडूत फिरवणं तर कायमचंच सोडा.

आता खरी काळजीची गोष्ट. पसरून झोपलाय, हाक मारली की कान हलतात, उठून चालतो, तर तो फक्त उकडलेला आहे. पण श्वास भराभर चाललाय, तोंडाभोवती लाळेने ओलं झालंय, चालताना झोकांड्या जातायत किंवा हातात घेतला तर लुळा आणि अंग गरम, तर हा उष्माघात. लगेच गार खोलीत न्या. साध्या पाण्याने, बर्फाच्या नाही, फडकं ओलं करून कान आणि पंजे हलके पुसा, पोटाखाली ओलसर फडकं ठेवा. बर्फात किंवा पाण्यात बुडवायचं नाही, धक्क्यानेच जातो. शुद्धीत असेल तर ओठाला पाण्याचा थेंब लावा, चाटला तर चाटला, तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. अंग लुळं पण थंडगार असेल तर तो उलटा प्रकार असू शकतो, एसी जास्त झाल्यामुळे, तेव्हा गार करायचं नाही, हळूहळू ऊब द्यायची.

दोन्हीत डॉक्टरकडे जायचंच, सावरल्यासारखा दिसला तरी. सगळेच व्हेट हॅमस्टर बघत नाहीत, म्हणून कोण बघतं ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा. नेताना डब्याला बाहेरून गार बाटली टेकवा, आणि गाडीत त्याला पाच मिनिटं पण एकटं सोडू नका.