पेठेत पहिली कुदळ पडण्याआधी: नगरपरिषदेच्या तयारीची यादी

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच गावांत काही वर्षांच्या प्रशासक राजवटीनंतर लोकांनी निवडून दिलेली माणसं पुन्हा सभागृहात बसली आहेत, आणि मुख्य बाजारपेठेचं काय करायचं हा विषय लवकरच तुमच्या सभेपुढे येईल. तो बहुतेक वेळा 'सुशोभीकरण' या नावानं येतो: पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान, शोभेचे खांब, एखादं कारंजं. ही कामं वाईट नाहीत, पण यादीत ती शेवटी येतात. आपण ती आधी करतो, म्हणून दोन वर्षांत ब्लॉक उखडतात आणि पेठ होती तशीच राहते. पेठ का ओस पडली हे कळेपर्यंत तिच्यावर खर्च करू नका. खाली लिहिलं आहे ते त्या आधीच्या तयारीचं.

सुरुवात मोजणीनं करा. आठवडी बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस असे दोन्ही धरून पेठेच्या दोन-तीन नाक्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं मोजा. गावातल्या कॉलेजची मुलं हे काम आनंदानं करतात. पायी किती, दुचाकीवर किती, बायका किती, कोणत्या तासाला किती, एवढं तासातासानं लिहा. शंभर-दोनशे लोकांना विचारा की कुठल्या गावाहून आलात, कशानं आलात, काय घेतलंत आणि काय मिळालं नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं असतं. त्याच आठवड्यात प्रत्येक शटरची नोंद घ्या: चालू, बंद, की गोदाम. पुढे जिना चढून वर जा. जुन्या पेठेत तळमजल्यावर दुकान चालू आणि वरचे दोन मजले वर्षानुवर्षं कुलूपबंद, हे दृश्य इतकं सवयीचं झालंय की ते कुणी मोजतच नाही. पेठेत राहणारी माणसं कमी झाली की संध्याकाळी आठनंतरचं गिऱ्हाईकही आटतं, म्हणून वरच्या मजल्यांचा हिशेब दुकानांइतकाच महत्त्वाचा.

बंद मिळकतींची यादी मालमत्ता कराच्या नोंदवहीशी ताडून पाहा. बंद असण्याची कारणं साधारण ठरलेली निघतात: वारसांमधला दावा, मालक मुंबई-पुण्यात किंवा परदेशात, आणि जुनी पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन पुढे नाममात्र भाड्यावर राहण्याची, भाडेकरू व्यवस्था. तिसऱ्या कारणाशी जरा थांबायला हवं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात जुन्या भाडेकरूला संरक्षण आहे आणि मालकाला भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. पण मूळ भाडंच शे-दोनशे रुपये असेल तर त्या वाढीतून कौलंसुद्धा बदलता येत नाहीत. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू स्वतःची म्हणून करत नाही, आणि पावसाळ्याआधी नगरपरिषद धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवून मोकळी होते. त्या नोटिशीनंतर भाडेकरू आणखी घट्ट बसतो, कारण इमारत पडली की आपला हक्कही गेला अशी त्याला भीती असते. ती भीती घालवणं नगरपरिषदेच्या हातात आहे. इमारत उतरवण्याआधी प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातलं क्षेत्र मोजून त्याचा लेखी दाखला द्या, मालक-भाडेकरूंना मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात एकत्र बसवा, आणि डिसेंबर २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीसाठी जे वेगळे नियम आहेत ते नगररचनाकाराकडून त्यांना सोप्या मराठीत समजावून सांगा. दहा मिळकतींपैकी दोन सुटल्या तरी पेठेचा चेहरा बदलायला लागतो.

याच टप्प्यावर विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा तपासा. अनेक जुन्या पेठांवरून अशी रेषा कधीकाळी मारलेली असते. रुंदी होत नाही, पण रेषेत आलेल्या घरमालकाला पक्की दुरुस्ती करायचा धीरही होत नाही. रुंदी खरोखर करायची आहे का, त्यासाठी मोबदल्याचे पैसे आहेत का, हे सभेनं एकदाच काय ते ठरवावं. करायची नसेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाचा प्रस्ताव पाठवा. लटकत्या रेषेनं पेठेचं जेवढं नुकसान होतं तेवढं हायवेवरच्या मॉलनंही होत नसेल.

मग स्वतःच्या घराकडे वळा. तहसील, कोर्ट, दुय्यम निबंधक आणि खुद्द नगरपरिषद, अशी एकेक कचेरी गावाबाहेरच्या प्रशस्त इमारतीत गेली की तिच्यामागून वकील, मुद्रांकविक्रेते, झेरॉक्सवाले, चहावाले आणि तालुक्याहून आलेला माणूसही जातो. ज्या नगरपरिषदेनं आपलं कार्यालय बाहेर नेलंय तिनं निदान कर भरणा, जन्म-मृत्यू दाखले आणि पाणीपट्टीची खिडकी पेठेत ठेवावी. नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलातल्या गाळ्यांची यादीही सोबत काढा: करार कधी संपले, थकबाकी किती, पोटभाडेकरू किती. जळगावात महापालिकेच्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि भाडेआकारणीचा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. त्यातून शिकण्यासारखं हेच की करार संपण्याच्या दोन वर्षं आधी दर ठरवायला बसावं.

फेरीवाल्यांचा विषय आला की सभागृहातला आवाज चढतो, आणि म्हणूनच त्याची तयारी सगळ्यात आधी कागदावर हवी. पथविक्रेत्यांच्या उपजीविका संरक्षणाचा केंद्राचा कायदा २०१४ चा आहे. त्यात दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समिती, आणि त्या समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडलेले, त्यातही एक तृतीयांश महिला, असं स्पष्ट लिहिलंय. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही, हेही त्यात आहे. तुमच्या गावात ही समिती नावापुरती आहे की बसते, हे पाहा. सर्वेक्षण जुनं असेल तर नवं करा. आणि मनापासून सांगतो, भाजीवाली, गजरेवाली, काकडी-कणीसवाला यांना पेठेतून हाकलून कुठलीही पेठ सुधारलेली नाही. तालुक्याच्या गावातली बाई भाजी घ्यायला येते आणि जाताना ब्लाऊजपीस, कंगवा, पोराची वही घेऊन जाते. भाजी दोन किलोमीटरवर नव्या मंडईत गेली की ती बाईही तिकडे जाते, आणि शटरवाल्या दुकानदाराला मग कळतं की आपण कुणाविरुद्ध निवेदन दिलं होतं. जागा आखून द्या, गाडीचा आकार ठरवा, दुकानाचं दार आणि पायरी मोकळी राहील असा पट्टा रंगवा, कचऱ्याची व संध्याकाळच्या दिव्याची सोय करा. प्रमाणपत्र हातात असलेल्या विक्रेत्याला पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून कर्ज मिळतं. ही योजना २०२० पासून आहे, तेव्हा सर्वेक्षणाच्या छावणीतच बँकेचं टेबल मांडा. व्यापारी संघटनेला मात्र या चर्चेत पहिल्या दिवसापासून बसवा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या खोल्यांत ऐकल्या की पुढे कोर्टातच भेटतात.

वाहनांसाठी लगेच बहुमजली वाहनतळाचं स्वप्न पाहू नका. आधी माल उतरवण्याची वेळ ठरवा. सकाळी साडेनऊच्या आत टेम्पो रिकामे, किंवा दुपारी दोन ते चार, याबाबत हमाल, ट्रान्सपोर्टवाले आणि ठोक व्यापारी यांच्याशी बोला. दुकानदारांच्या स्वतःच्या गाड्या दिवसभर दुकानासमोर उभ्या असतात, त्या मोजा. पुष्कळदा पार्किंगची टंचाई तिथेच सापडते, आणि जवळच्या शाळेच्या किंवा देवस्थानच्या मैदानाशी करार करून ती सुटते. पादचारी मार्गाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी असं इंडियन रोड्स काँग्रेसचा मानक सांगतो. टेप घेऊन जा आणि तुमच्या पेठेत ती कुठे कुठे मिळते ते नकाशावर लिहा. विजेच्या डीपीचा खोका, जाहिरातीचा खांब, दुकानाच्या वाढवलेल्या पायऱ्या, सगळं त्यात दिसेल. एसटी स्टँडपासून पेठेपर्यंतचा रस्ता संध्याकाळी चालून पाहा. दिवे बंद असतील तर पहिला खर्च तिथे करा.

बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? हा प्रश्न यादीत स्वतंत्र ओळीवर लिहा. खेड्यातून पहाटेच्या एसटीनं आलेली बाई दिवसभर पाणी न पिता बाजार करते आणि जमेल तितक्या लवकर परतीची गाडी धरते. तिचे दोन तास वाचवले, म्हणजे तिला दोन तास जास्त थांबता आलं, तर तो धंदा पेठेलाच मिळतो. बांधकामापेक्षा पाणी, कडी, दिवा आणि राखणीला बसलेली बाई यांचा मासिक खर्च धरा. बचत गटाला हे काम देता येतं. सोबत पिण्याचं पाणी, बसायला ओटा आणि मे महिन्यात सावली.

आता जमिनीखाली. पाण्याची जलवाहिनी किती जुनी, भुयारी गटार झालं की व्हायचं आहे, वीज आणि फायबरच्या तारा खालून न्यायच्या का, गॅसची पाइपलाइन येणार आहे का, हे सगळं एका कागदावर आणा. महावितरण, जीवन प्राधिकरण, दूरसंचार आणि गॅस कंपनी यांची संयुक्त बैठक घेऊन लेखी हमी घ्या की वरचं काम झाल्यावर ठरावीक वर्षं कुणी खोदणार नाही. अग्निशमनाची गाडी बोळात कुठपर्यंत जाते हे प्रत्यक्ष गाडी नेऊन तपासा आणि जिथे ती पोचत नाही तिथे पाण्याचा जोड ठेवा. कामाचं वेळापत्रक तिथीनं लावा: गणपती ते दिवाळी एक इंचही खोदकाम नको, लग्नसराईत कपडा आणि सराफ आळीला हात लावू नका, पावसाळ्यात गटार उघडं ठेवू नका. जे महिने उरतात तेवढ्यात बसेल असे शंभर-दीडशे मीटरचे तुकडे पाडा. एक तुकडा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा उकरायचा नाही, ही अट निविदेतच घाला. सगळी पेठ एकदम उकरली तर कमी भांडवलाचा दुकानदार काम संपेपर्यंत टिकत नाही.

बांधण्याआधी करून पाहा. पुण्यात महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला, आणि पुढेही ११ डिसेंबरचा तो पायंडा सुरू ठेवला. एका दिवसाच्या अशा प्रयोगाला खर्च किरकोळ लागतो, आणि कुठे अडतं, रिक्षा कुठे थांबाव्यात, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना किती चालावं लागतं हे सगळं डोळ्यांनी दिसतं. तुम्ही महिन्यातले दोन रविवार करून पाहा आणि त्या दिवशीची विक्री दुकानदारांनाच लिहून ठेवायला सांगा. दिल्लीच्या चांदणी चौकाचं उदाहरणही अभ्यासा. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे १.३ किलोमीटरचा रस्ता नव्यानं घडवून सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला, सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी आली. पण थोड्याच काळात बंदीच्या वेळेतही वाहनं शिरत असल्याच्या आणि देखभाल होत नसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. बांधकाम एकदा होतं, राखण रोज करावी लागते. वाहतूक पोलीस, नगरपरिषदेचे कर्मचारी आणि व्यापारी संघटना यांपैकी कोण रोज सकाळी अडथळे लावणार आणि रात्री काढणार, त्या माणसाचं नाव ठरल्याशिवाय रस्ता बंद करू नका.

धंदा वाढवायचा तर आपल्या पेठेत असं काय आहे जे ऑनलाइन मिळत नाही, हे शोधा. मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली आहे, सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची चितार आळी, येवल्यात पैठणी विणणारी घरं. तुमच्या गावात कदाचित घोंगड्या असतील, पितळी भांडी, चामड्याचं काम, एखादा मसाला किंवा भेळ. त्या आळीची पाटी लावा, कारागिराला दर्शनी गाळा सवलतीत द्या, शाळांच्या सहली तिथे न्या. वेळेचाही विचार करा. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोनं-चांदी आणि रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली, अशी एकच जागा दोन वेळा कमावते. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं वर्षाचे सगळे दिवस दुकान उघडं ठेवता येतं, फक्त कामगाराला आठवड्याची सुटी द्यावी लागते. नोकरदार गिऱ्हाईक संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी मोकळं असतं. पेठेची साप्ताहिक सुटी त्यानुसार बदलायची का, हे संघटनेच्या बैठकीत मतदानाला ठेवा.

पैशांबाबत थोडक्यात. राज्य सरकारच्या नगरोत्थान योजनेचा निधी असो की वैशिष्ट्यपूर्ण कामांचं अनुदान, प्रस्तावाला मोजणीचे कागद जोडलेले असतील तर तांत्रिक मंजुरीपर्यंतचा प्रवास सोपा होतो. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात देखभालीचं वेगळं शीर्ष उघडा, आणि ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (ज्या मुदतीत बिघाड त्यानंच दुरुस्त करून द्यायचा) कधी संपतो ती तारीख पेठेतल्या फलकावर रंगवा, म्हणजे उखडलेल्या ब्लॉकची तक्रार कुणाकडे आणि कधीपर्यंत करायची हे दुकानदारालाही कळेल. काम संपल्यावर एक वर्षानं त्याच आठवड्यात, त्याच नाक्यांवर, त्याच तासांना माणसं आणि उघडी शटर पुन्हा मोजा, दोन्ही तक्ते शेजारी-शेजारी छापून सर्वसाधारण सभेत मांडा, आणि पुढच्या आळीचा ठराव त्यानंतरच घ्या.