शाळेतल्या सुरक्षा काकांची ओळख मुलांना आणि पालकांना कशी करून द्यावी

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमची पहिली ते चौथीची शाळा आहे. मी तिथली मुख्याध्यापिका. बहुतेक मुलांचे आई-वडील कारखान्यात शिफ्टला जातात. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबंही बरीच आहेत. मुलाला सोडायला एक जण येतो, न्यायला दुसराच. अशा शाळेत गेटवरच्या माणसाला कोण ओळखतं आणि तो कुणाला ओळखतो, यावर खूप काही अवलंबून असतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना घडली आणि शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी या गोष्टींची सक्ती केली. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी-सावित्री समिती नेमण्याचा निर्णय तर मार्च २०२२ पासूनच होता. बदलापूरनंतर आमच्या संस्थेनेही पूर्णवेळ सुरक्षा रक्षक नेमला. मी त्यांची ओळख करून दिली ती अगदी चुकीच्या पद्धतीने. परिपाठाला स्टेजवर बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोन-तीन महिन्यांनी दुसरीतला एक मुलगा मागच्या कंपाउंडच्या तारेने कापला. रक्त येत होतं, रक्षक दहा पावलांवर उभे होते, तरी तो तसाच वर्ग शोधत आला. "काकांना का नाही सांगितलंस?" असं विचारलं तर म्हणाला, "ते पाहुणे आहेत ना, बाई." आमच्याकडे शाल पाहुण्यांनाच मिळते, हे त्याने बरोबर लक्षात ठेवलं होतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून चालते: ओळख माणसाच्या चांगुलपणाची नाही, त्याच्या कामाची करून द्यायची. "हे काका खूप चांगले आहेत, ते सांगतील ते ऐका" हे वाक्य आमच्या शाळेत कुणीही उच्चारत नाही. बदलापूरला आरोप झाला तो शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्यावर. मुलांना शाळेतल्या कुठल्याही मोठ्या माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवायला शिकवणं हाच धोका आहे. रक्षकावर नाही, शिक्षकावर नाही, माझ्यावरही नाही.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते. शाळा १५ जूनला उघडते, तयारी मात्र मे महिन्यातच करावी लागते. पडताळणीचा कागद हातात आल्याशिवाय रक्षकाला गेटवर उभं करायचं नाही. रक्षक पुरवणारी एजन्सी म्हणते "कागद येतोय मॅडम", तिथे ठाम राहावं. मग रक्षकांसोबत तासभर बसून त्यांचं काम एका पानावर लिहून काढायचं. आमच्या पानावर काय करायचं याच्यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त आहे. मुलांच्या स्वच्छतागृहाकडे जायचं नाही, तिकडे सेविका मावशी असतात. एकट्या मुलाला केबिनमध्ये घ्यायचं नाही. खाऊ, चॉकलेट द्यायचं नाही. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. रागावून हात उगारायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि आमच्या शाळेत ती बंदी गेटवरही तितकीच लागू आहे. आमच्या रक्षकांनी हे पान वाचून विचारलं, "मग मी मुलांशी बोलायचं तरी का?" त्यांना वाईट वाटलं होतं. मी म्हटलं, बोलायचं, नावाने हाक मारायची, पण सगळ्यांसमोर. हा संवाद टाळू नका. ज्याच्या कामाला मर्यादा घालतोय त्याला त्या का घालतोय हे कळायलाच हवं.

पालक आधी, मुलं नंतर. हा क्रम मी मुद्दाम ठेवते, कारण घरात गणवेशाची भीती आधीच पेरलेली असते. "जेवला नाहीस तर पोलिसाला देईन" हे वाक्य किती घरांत रोज म्हटलं जातं! असं मूल संकटात गणवेशाकडे धावेल कसं? पालकसभेत मी हात जोडून पहिली विनंती हीच करते की वॉचमनचा आणि पोलिसाचा बागुलबुवा करू नका. सभा दोन घ्याव्यात, सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे दोन्ही शिफ्टचे लोक येतात. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना पुढे बसवावं आणि बोलूही द्यावं. या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो, मग त्या फक्त सह्यांपुरत्या का?

सभेत रक्षक स्वतः बोलतात, दोनच मिनिटं: नाव, गेटवरची वेळ, आणि मूल कुणाच्या ताब्यात देणार, कुणाच्या नाही. मग माझा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. वाचता न येणाऱ्यांसाठी तोच माझ्या आवाजात, आधी मराठीत आणि मग हिंदीत. मजकूर साधा ठेवावा. आमचा असा आहे: "नमस्कार. आपल्या शाळेच्या गेटवर सकाळी साडेसहापासून शाळा सुटेपर्यंत सुरक्षा रक्षक असतील. त्यांचा फोटो आणि नाव फलकावर लावलं आहे. पालक कार्डावर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्याकडेच मूल सोपवलं जाईल. रक्षकांबद्दल तक्रार असेल तर मला किंवा सखी-सावित्री समितीच्या बाईंना थेट सांगा. तक्रार केल्याने मुलाला कुणी काही बोलणार नाही, ही माझी जबाबदारी." शेवटचं वाक्य गाळू नये. गरीब पालक तक्रार करत नाहीत ते याच भीतीने.

पालक कार्डाबद्दल एक अनुभव सांगते. दुसऱ्याच आठवड्यात एका मुलीचा सख्खा मामा तिला न्यायला आला, कार्डाशिवाय. रक्षकांनी थांबवलं. आईला फोन लागेना, कारण तिच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मामा चिडला, गेटवर गर्दी झाली, मुलगी रडायला लागली. चाळीस मिनिटांनी शेजारच्या काकू आल्या, त्यांचा फोटो कार्डावर होता, त्यांनी मुलीला नेलं. रक्षक बरोबरच वागले होते. चूक आमच्या कार्डात होती. आता कार्डावर दोन फोन नंबर घेतो, आणि त्यातला एक शिफ्टच्या वेळेतही उचलला जाणारा हवा असा आग्रह धरतो. शिवाय थांबवून ठेवलेलं मूल गेटवर उभं राहत नाही, ऑफिससमोरच्या बाकावर वर्गशिक्षिकेजवळ बसतं. मोठ्यांची हुज्जत त्याने का ऐकावी?

मुलांची ओळख वर्गावर्गांत करून द्यावी, परिपाठाला नाही. तीनशे मुलांसमोर बोललेलं पहिलीच्या मुलापर्यंत पोचत नाही. पहिलीच्या वर्गात काका टोपी काढून, शिट्टी टेबलावर ठेवून खाली सतरंजीवर बसतात, म्हणजे त्यांचा चेहरा मुलांच्या उंचीवर येतो. वर्गशिक्षिका पूर्ण वेळ तिथेच असतात. काका सांगतात, "मी गेटवर असतो. तुम्हाला लागलं, कुणी अनोळखी माणूस बोलवत असेल, घरचं कुणी आलं नसेल, तर मला मोठ्याने हाक मारा." आणि त्यानंतर, त्यांच्याच तोंडून: "मी तुम्हाला एकट्याला कुठे बोलावणार नाही. मी जरी बोलावलं तरी यायचं नाही. 'नाही' म्हणायचं आणि बाईंना सांगायचं."

पहिल्या वेळी हे वाक्य ऐकून वर्ग गप्प झाला. मग पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "पाऊस आला आणि तुम्ही छत्रीत बोलावलं तर?" काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "तरी नाही. पाऊस आला तर सगळ्यांनी मिळून व्हरांड्यात पळायचं." मग मुलांनी असे अनेक प्रश्न काढले: कुत्रं आलं तर, डबा विसरला तर, आईने पाठवलंय असं तुम्ही म्हणालात तर. या प्रश्नांना भरपूर वेळ द्या. मुलं नियम अशीच तपासून घेतात. त्यानंतर मुलं आणि बाई मिळून काकांबरोबर गेटपर्यंत चालून येतात, केबिन बाहेरून बघतात, प्रथमोपचार पेटी कुठे आहे ते बघतात.

आमच्याकडे एका मुलाला ऐकू कमी येतं. त्याच्यासाठी काकांनी दोन खुणा शिकून घेतल्या, 'थांब' आणि 'बाईंकडे जा'.

पोलिसांची ओळख वेगळ्या दिवशी. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, बाल न्याय कायद्यातच ती तरतूद आहे. ठाण्यात पत्र देऊन त्यांना बोलवावं, आणि पहिल्यांदा साध्या कपड्यांत यायची विनंती करावी. हा मला सुचलेला लाड नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यातसुद्धा मुलाचा जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा असं म्हटलं आहे. आमच्याकडे आलेल्या मॅडमनी पिशवीतून टोपी काढून मुलांच्या हातात दिली. ती वर्गभर फिरली. त्यांनीच १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर मुलांकडून बोटांवर पाठ करून घेतले. तिसरी-चौथीत सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाबद्दलही तेव्हाच बोलावं, आमच्या बाई आणि मॅडम मिळून बोलतात.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवावी. मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर शाळा ते आपसात मिटवू शकत नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "शाळेची बदनामी होईल" असं कुणी म्हणालं, मग तो संस्थेचा माणूस का असेना, तर हे कलम पुढे करावं.

तक्रारपेटी ऑफिसच्या दारात लावू नका, तिथे जायला मुलं बिचकतात. आमची पाण्याच्या टाकीजवळ, मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर आहे. पहिलीच्या मुलांना लिहिता येत नाही म्हणून शेजारी चेहऱ्यांची चित्रं असलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. रडका चेहरा टाकला तरी आम्ही वर्गात जाऊन हळूच चौकशी करतो. पेटी दर शनिवारी समितीसमोर उघडते.

दोन आठवड्यांनी प्रत्येक मुलाला वेगवेगळं विचारा: काकांचं नाव काय, आणि त्यांनी एकट्याला बोलावलं तर काय करशील? दुसऱ्या प्रश्नाला अडखळणाऱ्यांना पुन्हा सगळं सांगायचं, न रागावता. आमच्याकडे दरवर्षी आठ-दहा मुलं अडखळतात, बहुतेक घरी फार आज्ञाधारक असणारी.

आणि रक्षक बदलले तर? एजन्सी माणसं बदलत राहते, आणि शाळा नेमकं इथेच चुकतात. जुन्या काकांचा फोटो त्याच दिवशी फलकावरून काढावा, पालकांना त्याच दिवशी निरोप द्यावा. नवा माणूस आला की पडताळणीचा कागद, कामाचं पान, पालकसभा आणि सतरंजीवरची ओळख, सगळं पहिल्यापासून. या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे असंच झालं. नव्या रक्षकांचा कागद यायला नऊ दिवस लागले. तितके दिवस सकाळी गेटवर मी उभी होते आणि शाळा सुटताना आमच्या सखी-सावित्री समितीच्या बाई.