टायपिंग दिसतं आणि मेसेज येत नाही: आमच्या शॉर्ट थ्रिलरच्या प्लॅनिंगची गोष्ट

दुसऱ्या वर्षाला आम्हाला दहा मिनिटांची फिल्म करायची होती, ग्रुपमध्ये पाचजण, विषय ठरला ऑनलाइन छळ आणि प्रकार थ्रिलर, कारण थ्रिलर म्हटलं की सगळ्यांच्या अंगात येतं. आता दर वर्षी कोणी ना कोणी ज्युनियर विचारतो, ताई स्क्रिप्ट दे, ताई शॉट लिस्ट दे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डिचोलीची, कॉलेज पणजीला, कॅमेरा मित्राच्या दादाचा. डिरेक्शनचं मला काही येत नव्हतं पण ओरडायला कोणीतरी हवं होतं म्हणून मी डिरेक्टर.

पहिला ड्राफ्ट २३ पानांचा झाला. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा हिशेब तेव्हाही माहीत होता, तरी २३ पानं. त्यात हुडी घातलेला हॅकर, अंधारी खोली, तीन मॉनिटर, आणि शेवटी कळतं की हॅकर म्हणजे कॉम्प्युटरचे सर. आमच्या गाइड सरांनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "हा माणूस तुम्ही कुठे बघितलाय?" कोणीच बघितला नव्हता.

मग आम्ही भाजी-पाव आणि मिरची भजी मागवून बसलो आणि आपापल्या हायर सेकंडरीतलं खरं खरं सांगायला लागलो. पाचपैकी चौघांच्या वर्गाचं एक निनावी पेज होतं, ते कोण चालवतं याचा सगळ्यांना अंदाज होता आणि कोणी बोलत नव्हतं. आमची साऊंडवाली म्हणाली, पोस्ट वाचून नाही गं भीती वाटली, भीती वाटली दुसऱ्या दिवशी कदंबा बसमध्ये चढताना, मागच्या सीटवर कोणीतरी मोबाइल बघून हसलं आणि मला कळेना की माझ्यावर हसतायत की दुसऱ्या कशावर. तिथे आमची फिल्म सापडली. हॅकर त्याच दिवशी गेला. छळ करणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो, आणि भीती स्क्रीनवर नसून वाट बघण्यात असते, आता काय येईल, कोणी कोणी बघितलं असेल, यात. हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर आमचा महिना वाचला असता.

प्रेक्षकाला काय माहीत आहे ते आधी ठरवा

आमच्या गोष्टीत एक मुलगी आहे, बारावीतली, आणि तिची जिवलग मैत्रीण, जी तिला धीर देते. पेज चालवणारी तीच मैत्रीण. पहिल्यांदा हे आम्ही शेवटच्या मिनिटाला उघड करत होतो, म्हणजे धक्का. वाचून दाखवलं तर तीनजणांनी दुसऱ्याच पानावर ओळखलं. मग कॅमेरावाल्याने सुचवलं की लपवायचंच कशाला, तिसऱ्या मिनिटालाच सांगून टाकू, फक्त प्रेक्षकाला, मुलीला नाही. एवढ्या एका बदलाने सगळे धीर देणारे सीन भीतीदायक झाले, डायलॉग एक शब्दही न बदलता. "मी आहे ना" हे वाक्य आधी गोड होतं, आता अंगावर येतं.

तो उघड होण्याचा सीन सांगते. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या व्हरांड्यात, दोघी सोप्यावर (तिथल्या सिमेंटच्या बाकावर) बसल्यात, मध्ये स्टीलचं ताट, ताटात फणसाचे गरे, ताटाच्या कडेला मुलीचा फोन पालथा ठेवलेला. मैत्रीण तिच्याकडे बघून बोलतेय, चिकट लागू नये म्हणून उजव्या हाताची बोटं वर धरलीत, आणि डावा हात ओढणीखाली. अंगठा हलतो. तिची नजर खाली जात नाही. आणि ताटातला फोन थरथरतो, स्टीलवर, ट्रर्रर्र. बस. स्क्रीन दाखवलीच नाही. या एका शॉटला आम्ही अकरा टेक घेतले कारण मैत्रीण झालेली पोरगी दर वेळी चुकून खाली बघायची, आणि फणस संपत आला.

कागदावरचं काम

स्क्रिप्ट नऊ पानांवर आणली. मग स्टोरीबोर्ड, आमच्यात कोणालाच चित्रं येत नाहीत, काड्यांची माणसं काढली, चालतं. पण खरा फायदा झाला तो फोनवर काढलेल्या फोटोंचा. शूटच्या आधी आम्हीच ॲक्टर बनून प्रत्येक शॉटचा एक फोटो काढला, ते फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकले (डाविंची रिझॉल्व्हचं फ्री व्हर्जन पुरतं), त्यावर डायलॉग स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले आणि फिल्म बघितली. नऊ पानांची फिल्म चौदा मिनिटं भरली! कारण मेसेज वाचायला प्रेक्षकाला वेळ लागतो हे आम्ही धरलंच नव्हतं. आमचा नियम असा ठरला की पडद्यावरचा मेसेज मनातल्या मनात दोनदा वाचून होईल एवढा वेळ ठेवायचा, आणि एवढा वेळ द्यायचा म्हटल्यावर अर्धे मेसेज आपोआप उडाले.

मेसेज कुठल्या भाषेत, यावर दोन संध्याकाळी भांडण. घरी मराठी, मित्रांत कोकणी, टाइप करताना सगळं रोमन लिपीत आणि मध्ये मध्ये इंग्लिश, गोव्यातली पोरं अशीच चॅट करतात. शुद्ध देवनागरी मराठीत कोणी शिवी टाइप करत नाही हो. शेवटी चॅट जशी असते तशीच ठेवली आणि खाली सबटायटल दिली. एक अडचण होतेच, प्रेक्षक वरचं वाचू की खालचं करत बसतो. म्हणून महत्त्वाचे मेसेज चार शब्दांच्या आत.

आणि बॅटरी! हे कोणीच सांगत नाही. फोनच्या स्क्रीनवर वर वेळ आणि बॅटरीचे टक्के दिसतात. रात्रीच्या सीनमध्ये ११:४० आणि ६२ टक्के, पुढच्याच शॉटला दुपारचे ३:१५ आणि ८८ टक्के. आम्हाला हे एडिटला बसल्यावर दिसलं. त्यामुळे तुमच्या सीनच्या तक्त्यात तारीख, कपडे, केस याच्यासोबत फोनची वेळ आणि बॅटरी असा एक रकाना करा. सोपा उपाय म्हणजे खरा फोन चालवायचाच नाही, चॅटचा आधीच एक व्हिडिओ बनवून ठेवायचा आणि तो फोनवर लावून ॲक्टरने नुसता अंगठा फिरवायचा. ब्राइटनेस कमी ठेवा, नाहीतर स्क्रीन पांढरीफटक येते आणि चेहरा काळा.

खरं अकाउंट उघडू नका, हात जोडून सांगते

आम्ही उघडलं. वाटलं खऱ्या ॲपवर खोटं पेज केलं की खरं दिसेल, आणि आमच्या ॲक्ट्रेसचा फोटो टाकून खाली स्क्रिप्टमधली कॅप्शन टाकली. प्रायव्हेट करायचं राहून गेलं. जेमतेम चाळीस मिनिटं होतं ते पेज. तेवढ्यात तिच्या मावसभावाला दिसलं, त्याने तिच्या आईला फोन केला, आई बँकेतून निघून रडत रडत घरी. आम्ही सगळे त्यांच्या हॉलमध्ये मान खाली घालून बसलो होतो, काकूंनी चहा दिला आणि एकच बोलल्या, "तुम्ही याच्याविरुद्ध फिल्म करताय ना रे?" पेज डिलीट केलं, तरी नंतर कळलं की कोणीतरी स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. म्हणजे आमच्याच फिल्मची गोष्ट आमच्यावर उलटली.

त्यानंतर ॲपचं नाव, रंग, लोगो सगळं मनाने बनवलं, कार्टूनचा डीपी, आणि एकही गोष्ट इंटरनेटवर टाकली नाही. त्या पोरीने फिल्म सोडली नाही हे तिचे उपकार.

शिव्यांचंही असंच. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की ॲक्ट्रेसला कमेंट आधी दाखवायच्याच नाहीत, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा वाचेल म्हणजे रिअ‍ॅक्शन खरी येईल. मी नको म्हटलं, आणि नशीब. यादी तिच्यासमोर ठेवली तेव्हा तिने पेन घेऊन एक ओळ खोडली, "ही नको, ही मला खरंच बोललेत." कोणी काही विचारलं नाही. ती ओळ गेली. तुम्ही पण यादी ॲक्टरसोबत बसूनच करा, आणि शूटच्या दिवशी तो सीन दिवसाच्या शेवटी ठेवू नका, त्यानंतर काहीतरी हलकं शूट करा म्हणजे पोरगी तेच डोक्यात घेऊन घरी जाणार नाही.

कायद्याचा अभ्यास, जो आम्ही टाळत होतो

आमच्या स्क्रिप्टमध्ये इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटून म्हणायचा, "सिक्स्टी सिक्स ए लावतो!" लॉ कॉलेजची एक सीनियर वाचून हसायलाच लागली. आयटी ॲक्टचं ६६ए, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेज पाठवण्याबद्दलचं कलम, सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलंय, श्रेया सिंघल केसमध्ये. आजही अनेकांना ते चालू आहे असं वाटतं. मग काय लागू होतं ते तिनेच समजावलं: दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरली तर ६६सी, दुसरा कोणी आहोत असं भासवून फसवलं तर ६६डी, खाजगी अंगाचे फोटो परवानगीशिवाय काढले किंवा पसरवले तर ६६ई, अश्लील मजकूर टाकला तर ६७. आणि १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, त्यात ७८ कलम पाठलागाचं, बाईच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही त्यात येतं.

इन्स्पेक्टरचा सीन आम्ही उडवला. पण या अभ्यासातून गोष्टीतलं सगळ्यात चांगलं वळण मिळालं. तक्रार करायची तर पुरावा लागतो, स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक, तारीख-वेळ, आणि मुलगी घाबरून नेमकं तेच सगळं डिलीट करते. मैत्रीणच सांगते ना, "डिलीट कर, बघू नको, डोक्याला त्रास." प्रेमाचा सल्ला वाटतो आणि पुरावा जातो! असं वळण खोलीत बसून सुचलं नसतं. तर वाचा. रायबंदरला सायबर पोलीस स्टेशन आहे, सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर बायका-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, अठराच्या आतल्यांसाठी हेल्पलाइन १०९८. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा, आम्ही आधी तोच शेवटच्या पाटीवर टाकला होता, मग काढून मानसिक मदतीचा टेलिमानस १४४१६ टाकला.

शेवट काय करायचा यावरही बोलून घ्या. आत्महत्या दाखवली की फिल्म "पॉवरफुल" होते असं एकाला वाटत होतं. मला ते आळशी वाटतं, आणि बघणाऱ्यांत कोण त्या अवस्थेत बसलंय हे आपल्याला माहीत नसतं. आमची मुलगी शेवटी फोन उचलून आईच्या हातात देते, आई चष्मा शोधते. तिथे कट.

शूट

क्लायमॅक्स लिहिला होता जुने गोवे-दिवाडी फेरीबोटीवर, रात्रीची नदी, इंजिनाची धडधड, वगैरे. सार्वजनिक जागी शूट करायचं तर ईएसजीकडे (एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा) अर्ज करावा लागतो, पणजीत जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारात, इफ्फी फिल्म फेस्टिवलवालं ऑफिस तेच. आम्ही अर्ज लिहायला घेतला तोपर्यंत शूटला चार दिवस उरलेले, चूक आमचीच. फेरी गेली आणि क्लायमॅक्स स्वयंपाकघरात आला. बरंच झालं, त्या इंजिनाच्या आवाजात एक डायलॉग मिळाला नसता.

घर एका मित्राच्या मावशीचं, डिचोलीजवळच. सगळे मोकळे असतील अशा तारखा धरल्या, तीन दिवस, दिवसाला तीन पानं. त्याहून जास्त धरू नका, पाऊस आणि लाइट दोन्ही कधी जातात-येतात सांगता येत नाही. रात्रीचे सीन दिवसाच घेतले, खिडकीला आतून घोंगड्या. फोनचा उजेड चेहऱ्यावर पडतो असं वाटतं पण कॅमेऱ्याला तो पुरत नाही, छोटी एलईडी लाइट बटर पेपर लावून फोनच्या मागे धरली. घरात ट्यूबलाइट असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर चित्रात पट्टे फिरताना दिसतात.

आवाजाला एक माणूस पूर्ण वेळ द्या, थ्रिलर अर्धी आवाजावर चालते. फोनची थरथर आम्ही वेगवेगळ्या जागी ठेवून वेगळी रेकॉर्ड केली, लाकडी खाटेवर, सिमेंटच्या सोप्यावर, उशीखाली, ताटात. प्रत्येक खोलीचा नुसता शांत आवाज अर्धा-एक मिनिट घेऊन ठेवा, एडिटमध्ये डायलॉगमधली भोकं बुजवायला लागतो. सकाळी पोदेर (पाववाला) भोंगा वाजवत येणार हे धरूनच चला, त्याला थांबवता येत नाही, पाव घ्या आणि पुढचा टेक घ्या.

पंखा आणि फ्रीज मात्र बंद करावेच लागतात, घूं घूं माइकमध्ये येते. पहिल्या दिवशी दुपारी फ्रीज बंद केला आणि पॅकअप करून आम्ही निघून गेलो. मावशी बाहेरगावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर वास अंगणापर्यंत, दोन किलो बांगडे गेले. तेव्हापासून फ्रीज बंद केला की ज्याची स्कूटर त्याची चावी फ्रीजमध्ये ठेवायची, म्हणजे घरी जाताना फ्रीज उघडावाच लागतो.

कॉलेजमध्ये फिल्म दाखवली तेव्हा मावशींना बोलावलं होतं, विशेष आभारमध्ये त्यांचं नाव पहिलं. लाइट लागल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते, मी त्यांच्याकडे जाऊन विचारलं, मावशी कशी वाटली? त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "चांगली केल्यात गो. तो स्वयंपाकघरातला सीन होता ना, त्यात माझा फ्रीज बंदच दिसत होता."