कॅमेरा झुकवू नका, सरकवा : टेक्निकल कॅमेऱ्याने इमारत आणि भूदृश्य कसं टिपावं

उंच इमारतीसमोर उभं राहून कॅमेरा वर केला, की तिच्या दोन्ही कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही, एवढंच त्याचं कारण. टेक्निकल कॅमेरा या दुखण्यावरचाच इलाज आहे. पुढे लेन्स, मागे मीडियम फॉरमॅटचा डिजिटल बॅक (मोठा सेन्सर असलेला सुटा भाग) आणि मधे मिलिमीटरच्या मापाने सरकणारी धातूची चौकट. आरसा नाही, ऑटोफोकस नाही. अल्पा, कॅम्बो, आर्का-स्विस यांचे कॅमेरे दिसायला वेगवेगळे, पण तत्त्व हेच. यावर काम करताना घाई महागात पडते, आणि क्रम चुकला तर त्याहून जास्त.

आधी जागा. कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि मोकळ्या हातांनी फिरून या. जवळचं-दूरचं एकमेकांशी कसं दिसणार, हे फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. लेन्स बदलून ते बदलत नाही. ट्रायपॉड एकदा रोवला की तो हलवायचा आळस येतो, हा माझा अनुभव.

मग ओळंबा. गवंडी भिंत बांधताना जे करतो तेच इथे करायचं. आधी ट्रायपॉडचे पाय कमी-जास्त करून बैठक सपाट करा, मग हेडने बारीक फरक काढा. गिअर्ड हेड (दातेरी चाकांनी एकेक दिशा वेगळी फिरवणारं) असेल तर उत्तम. बॉल हेडवर एक बाजू साधली की दुसरी बिघडते. कॅमेऱ्यावरची पाणसळ आणि बॅकमधली इलेक्ट्रॉनिक लेव्हल, दोन्ही बघा. ‘अर्ध्या अंशाने काय होतं?’ असं वाटेल. ३२ मिमी लेन्स आणि ५३.४ × ४० मिमी सेन्सर धरला, तर वर-खाली अर्ध्या अंशाच्या चुकीने फ्रेमच्या कडेची उभी रेषा तळापासून माथ्यापर्यंत जवळपास ०.३ मिमी कलते. १५० मेगापिक्सेलच्या बॅकवर हे ७५-८० पिक्सेल होतात. खिडकीची चौकट फ्रेमच्या कडेला लागून असेल तर डोळ्याला लगेच खुपतं.

आता सरकवा. कॅमेरा सरळ ठेवल्यावर फ्रेमचा खालचा अर्धा भाग बहुतेक जमिनीने भरतो आणि इमारतीचा माथा कापला जातो. इथे राइज वापरायचा, म्हणजे लेन्स सेन्सरच्या तुलनेत वर सरकवायची. हिशेब सोपा आहे : इमारतीचं अंतर मीटरमध्ये घ्या आणि लेन्सच्या मिमीने भागा, एक मिमी राइजला तेवढे मीटर वर दिसतात. ३० मीटरवरून ३२ मिमी लेन्सने १ मिमी म्हणजे सुमारे ९४ सेंटिमीटर. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर असेल तर राइजशिवाय साधारण २० मीटर उंचीपर्यंत दिसतं, १० मिमी राइज दिला की जवळजवळ ३० मीटरपर्यंत.

मर्यादा लेन्सच्या प्रतिमावर्तुळाची, म्हणजे लेन्स मागे जेवढं गोल चित्र टाकते त्याची. वर्तुळाचा व्यास ९० मिमी असेल, तर आडव्या फ्रेमला वर साधारण १६ मिमी आणि बाजूला (याला शिफ्ट म्हणतात) साडेतेरा मिमी सरकता येतं. त्यापलीकडे कोपरे काळे पडतात, आणि त्याआधीच मऊ होऊ लागतात. अगदी जवळून टिपलेल्या मनोऱ्याला भरपूर राइज दिला, की रेषा समांतर असूनही तो वर फुगल्यासारखा वाटतो. अशा वेळी मी मागे जातो. ते शक्य नसेल तर किंचित झुकाव मुद्दाम राहू देतो. पूर्ण समांतर म्हणजे नेहमी बरोबर दिसणारं, असं नाही.

फोकस हा सगळ्यात फसवा भाग. फिल्मच्या काळातले डेप्थ ऑफ फील्डचे, म्हणजे कुठून कुठपर्यंत स्पष्ट दिसेल याचे, तक्ते विसरा. ३२ मिमी, एफ/११, ०.०५ मिमीचा अस्पष्टता-बिंदू (एवढा ठिपकाही स्पष्टच मानायचा, ही मर्यादा) धरला तर हायपरफोकल अंतर, म्हणजे जिथे फोकस केल्यावर अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं ते सर्वात जवळचं अंतर, दोन मीटरच्याही आत येतं. आजच्या बॅकला शोभेल असा ०.०१ मिमीचा बिंदू धरा, तेच अंतर नऊ मीटरच्या पुढे जातं. म्हणून लेझर मीटरने अंतर मोजा, लेन्सच्या रिंगवर लावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये शंभर टक्के मोठं करून तपासा. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११. एफ/१६ ला विवर्तनामुळे बारकावे विरघळू लागतात.

भूदृश्यात पायाजवळच्या दगडापासून डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर टिल्ट आहे. लेन्स पुढे कलवली की स्पष्टतेची पातळी जमिनीवर आडवी पडते. थिओडोर शाइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने हवाई छायाचित्रं सरळ करण्याच्या खटपटीत १९०४ च्या पेटंटमध्ये मांडलेलं हे तत्त्व आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. नवखे इथे हमखास जास्त टिल्ट देतात. ३२ मिमी लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर जेमतेम सव्वा अंश पुरतो. मात्र जवळ उंच झाड असेल तर त्याचा शेंडा स्पष्टतेच्या बाहेर जाईल. तिथे टिल्ट शून्य ठेवून वेगवेगळ्या फोकसच्या दोन-तीन फ्रेम घेतलेल्या बऱ्या.

शटर इलेक्ट्रॉनिक असेल तर कंप होत नाही, पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. वाऱ्यात पानं वाकडी येतात, काही एलईडी दिव्यांखाली पट्टे उमटतात. अशा ठिकाणी लेन्समधलं लीफ शटर (पात्यांचं यांत्रिक शटर) वापरा.

पांढरी पट्टी विसरू नका. सरकवलेल्या लेन्समधून प्रकाश सेन्सरवर तिरपा पडतो, त्यामुळे एक बाजू काळवंडते आणि कधी फ्रेमभर हिरवट-गुलाबी छटा पसरते. उपाय म्हणून प्रत्येक फ्रेमनंतर लेन्ससमोर दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी धरून एक एलसीसी (लेन्स कास्ट कॅलिब्रेशन) फ्रेम घ्यायची : तीच शिफ्ट, तोच फोकस, तेच अ‍ॅपर्चर, फक्त वेळ वाढवायचा. कॅप्चर वनसारखं सॉफ्टवेअर त्यावरून छटा, काळोखी आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढतं. एका पहाटे उजेड पळतोय म्हणून मी ही फ्रेम टाळली. आभाळाची गुलाबी झाक सूर्याची किती आणि लेन्सची किती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

जोडचित्र हवं असेल तर बॅक उभा लावा आणि तो १६ मिमी डावीकडे, मग १६ मिमी उजवीकडे सरकवून दोन फ्रेम घ्या. मिळून ७२ × ५३.४ मिमीचं चित्र होतं, सुमारे २७० मेगापिक्सेल. सरकायला हवा तो बॅक. लेन्स जागची हलली तर जवळच्या खांबामागचं दृश्य बदलतं आणि जोड लपत नाही. दोन्ही फ्रेमचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवा, एलसीसी मात्र दोघींची वेगळी.

आवरताना राइज, शिफ्ट, टिल्ट सगळं शून्यावर आणून कुलूपबंद करा. टिल्टचा अर्धा अंश राहून गेला, तर पुढच्या इमारतीचा माथा किंवा पाया धूसर येईल आणि तुम्ही उगाच फोकसला दोष देत बसाल.