कनू होडीत सामान भरताना

मित्रांसह कनू या वल्ह्याने चालवायच्या अरुंद, हलक्या होडीतून मुक्कामी सहलीला निघताना सामान किती न्यावे यापेक्षा ते होडीत कसे ठेवावे, याचा विचार आधी करावा. पाण्याचे कॅन, शिधा आणि भांडी यांसारख्या जड वस्तू तळाशी व मध्यभागी ठेवाव्यात. वजन उंचावर गेले की होडी डुलू लागते आणि पुढच्या टोकाकडे जास्त झाले की वाऱ्यात ती सरळ चालवणे अवघड होते. झोपण्याची पिशवी, कपड्यांचा एक कोरडा जोड व काडेपेटी जलरोधक पिशवीत भरून तिचे तोंड किमान 3 वेळा गुंडाळून बंद करावे आणि ती होडीलाच बांधावी, कारण होडी उलटल्यास सुटे सामान वाहून जाते. लाइफ जॅकेट मात्र सामानात नव्हे, अंगावरच हवे. थंड पाण्याच्या पहिल्या धक्क्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही श्वास आवरत नाही. जंगलात पायी फिरायला जाण्यापूर्वी (आणि हे उत्साहाच्या भरात हमखास राहून जाते) होडी काठापासून बरीच वर ओढून पालथी घालावी व झाडाला बांधावी, कारण वरच्या भागात पाऊस झाला तरी पाणी चढते आणि परतीचे साधनच नाहीसे होते. वल्ही तिच्याखाली सरकवून ठेवली की पुरे.