घरच्या घरी आरएस सजवताय? मग या चुका टाळा

स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस दारात आली की पहिल्या आठवड्यातच माणूस मोबाईल घेऊन खरेदीला बसतो. स्पॉयलर, ब्रेकच्या कॅलिपरला लाल रंग, काळं छत, चाक बाहेर सरकवणारे स्पेसर, सगळं कार्टमध्ये, आणि गाडी अजून एकदाही नीट धुतलेली नसते. त्यात २०२० ची आरएस२४५ भारतात आलीच मुळी २००, म्हणजे आता मिळणार ती सेकंडहँडच, आधीच्या मालकानं काय चिकटवलंय आणि कुठला बोल्ट कसा आवळलाय देव जाणे. घरी केलेलं काम फसतं ते जवळजवळ दर वेळी खालच्या तयारीत, वरची वस्तू बिचारी चांगलीच असते.

धुण्यापासूनच सुरुवात चुकते

पावसाळ्यात कासवरून आलेल्या गाडीच्या दारांवर जांभ्याचा तांबडा चिखल बसलेला असतो, आणि तो वाळला की त्यात बारीक खडी असते हे लोक विसरतात. बादली, फडकं, कपडे धुवायची पावडर, घासा. दुसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, काळ्या किंवा निळ्या गाडीवर तर गोल गोल जाळी लगेच दिसते. आधी नुसत्या पाण्याने चिखल भिजवून खाली उतरवायचा, मग कार शॅम्पूचा फेस लावून दोन-चार मिनिटं थांबायचं, मग छतापासून खाली यायचं, आणि बादल्या दोन, एक शॅम्पूची, एक मिट (धुवायचा हातमोजा) खंगाळायची. चाकांचं फडकं वेगळं ठेवा, ब्रेकची काळी पूड दाराला लावायची काही गरज नाही.

आपल्याकडे खरी डोकेदुखी बोअरच्या पाण्याची. भर उन्हात धुतली तर पुसायच्या आत पाणी वाळतं आणि काचेवर, छतावर पांढरे गोल ठिपके राहतात. सकाळी लवकर धुवा, एकेक भाग लगेच मायक्रोफायबरने टिपा, आणि शेवटचा हात आरओच्या चार-पाच लिटर पाण्याचा मारा. ठिपके ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, सावलीत, गार पत्र्यावर, मिनिटभर ठेवून धुवून टाका. तरी जात नसतील तर क्षारांनी क्लियर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्लाय, तिथे पॉलिश लागणार, व्हिनेगर वाढवून उपयोग नाही.

पॉलिश, वॅक्स, सिरॅमिक यातलं काहीही करायच्या आधी एक सोपी तपासणी. धुतलेल्या, वाळलेल्या बॉनेटवर हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अलगद फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून करकरीत लागतो, बारीक बारीक टोकं जाणवतात, ती लोखंडाची पूड आणि डांबर. आधी क्ले बार, म्हणजे घाण ओढून घेणारी मातीसारखी वडी, तीही भरपूर लुब्रिकंट मारून आणि दाब न देता. हे न करता कोटिंग मारलं तर ती घाण आत कायमची सील झाली म्हणून समजा.

रॅप आणि स्पॉयलर का सुटतात

आरशाच्या टोप्यांना काळा रॅप हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसणारं काम आहे. आठवडाभर मस्त दिसतो आणि मग खालच्या कडेला, जिथे टोपीचा वळसा आत जातो, तिथे नखाएवढं टोक उभं राहतं, त्यात धूळ जाते आणि पुढे सोलतच जातं. कारणं दोनच. एक म्हणजे कडेच्या फटीत जुनं वॅक्स राहिलेलं असतं, वरचा भाग सगळे पुसतात पण फट कुणी पुसत नाही, तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून कार्ड घालून फिरवायला लागतं. दुसरं, वळणावर व्हाइनिल जास्त ताणलं जातं आणि शेवटी गरम करायचं राहून जातं. ताणलेलं व्हाइनिल मूळ आकारात परत जायला बघतं, त्याची ही सवय मोडायला काम झाल्यावर हीट गनने कडा साधारण ९० अंश सेल्सिअसच्या वर न्यायच्या असतात. आणि ब्लेड रंगावर चालवू नका राव, ब्लेडशिवाय रॅप कापणारी नाईफलेस टेप मिळते.

स्पॉयलरचं तेच. डबल टेप लावली, दाबली, संध्याकाळी पाण्याचा पाईप मारला, आणि पुण्याला जाताना खंबाटकीच्या आसपास एक टोक फडफडायला लागलं. या ॲक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात, त्यातही थंडीत जास्तच. तीन दिवस धुवायचं नाही, हायवेला काढायची नाही. डिकीच्या झाकणाला भोकं पाडायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, भोकातून गंज सुरू होतो आणि विकताना गिऱ्हाईक आधी तेच बघतं.

अजून एक, बंपरवरच्या पार्किंग सेन्सरवर रॅप किंवा जाड रंग चढवला तर समोर काही नसताना बीप वाजणार. लोक मग सेन्सर बदलत बसतात. आधी रंग काढून बघा. आणि अख्ख्या गाडीचा रंगच रॅपने बदलायचा असेल तर आरसी बुकात रंगाची नोंद आहे हे लक्षात असू द्या, आधी आरटीओत विचारून या.

चाकं, इथे मात्र मस्ती नको

या गाडीला स्टड-नट नाहीत, बोल्ट आहेत, पीसीडी, म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचं माप, ५ बाय ११२, मधलं भोक ५७.१ मिमी. ओरिजिनल बोल्टचं डोकं जिथे रिमला टेकतं तो भाग गोल असतो, बाहेरच्या बऱ्याच अलॉयना मात्र तिरक्या, शंकूसारख्या बोल्टची जागा असते. जुनेच बोल्ट नव्या अलॉयला लावले तर ते बसल्यासारखे वाटतात, पाना कट्ट करतो, पण धातू नुसता एका कडेवर टेकलेला असतो. असे बोल्ट चालता चालता ढिले होतात. नवीन अलॉयबरोबर त्याला जुळणारे बोल्ट आणि भोक मोठं असेल तर ती फट भरणारी हब रिंग घ्याच. स्पेसर घातला तर बोल्ट आधीपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढे जास्त लांब पाहिजेत. आवळायचं १२० न्यूटन मीटरला, टॉर्क रेंचने. एअर गनवाला ढर्र करून देतो त्यावर समाधान मानू नका. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा तपासा.

हायवेला ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतंय? लोक सरळ बॅलन्सिंगला जातात, करून येतात, थरथर तशीच. हब रिंग आहे का बघा, हबच्या तोंडावर गंज असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. फक्त ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर नजर डिस्ककडे. यवतेश्वरचा घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारायची सवय असेल तर ती आजच सोडा.

कॅलिपर रंगवताना पॅड, डिस्क, ब्लीड निपल आणि स्लाइड पिनवर रंग गेला नाही पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर मागचे पॅड बदलताना पिस्टन जबरदस्तीने आत ढकलू नका, आधी स्कॅनरने सर्व्हिस मोडला घ्यावा लागतो, नाहीतर मोटर जाते आणि मग रंगाचे पैसे परवडले असं वाटतं.

ऑइल आणि बॉनेटखाली

या पिढीच्या, फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ टर्बो इंजिनात बऱ्याच गाड्यांना ऑइल चेंबर प्लॅस्टिकचं आणि ड्रेन प्लगही प्लॅस्टिकचाच असतो. तो मोठ्या पान्याने ताकद लावून आवळायची वस्तू नाही, हलका फिरवून खटक्यात बसतो, आणि दर वेळी नवीन घालायचा. फिल्टर वरूनच निघतो, त्याची टोपी २५ न्यूटन मीटरला. ऑइल घेताना नुसतं ५डब्ल्यू-३० बघू नका, डब्यावर फोक्सवॅगनचं ५०२ ०० किंवा ५०४ ०० लिहिलेलं पाहिजे. आणि जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही म्हणजे नाही, स्टँड लावा, दाराखालच्या सिलवर खूण असते त्या जागीच लावा, दुसरीकडे लावला तर पत्रा दबतो.

इंजिन प्रेशर वॉशरने धुऊ नका. प्रत्येक स्पार्क प्लगवर कॉइल बसलेली असते, त्यात पाणी शिरलं की सकाळी गाडी झटके मारते, ईपीसीचा, म्हणजे इंजिनात बिघाड सांगणारा, दिवा लागतो, आणि गॅरेजवाला आधी फ्युएल पंपाच्या गोष्टी सांगायला लागतो. कॉइल काढून एअरने वाळवा, दिवा गेला तर विषय संपला. एरवी ओलसर फडकं, ब्रश आणि ब्लोअर पुरे.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट लावायचे व्हिडिओ भरपूर आहेत. चमकतात, खोटं नाही, पण वरचा यूव्हीचा थर उरला नाही म्हटल्यावर थोड्या महिन्यांत आधीपेक्षा पिवळ्या होतात. १००० पासून ३००० पर्यंत वॉटर पेपर, मग पॉलिश, मग यूव्ही क्लियर, हा शेवटचा कोट नसेल तर हात लावू नका.

डॅशकॅम लावला आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होईना, तर कॅमेरा कायम चालू असलेल्या फ्यूजवरून घेतलाय. चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवर फ्यूज टॅप लावा, मूळ वायर सोलून जोड देऊ नका. आणि सीट कव्हर घेताना सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅग लिहिलेलं छोटं लेबल दिसतंय का बघा, ते असेल तर ती शिवण झाकणारं कव्हर चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणू दे.