इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष: लॅपटॉपचं नंतर बघू

जुलै आला की ओळखीतली कोणी ना कोणी मुलं, नाहीतर त्यांचे बाबा, फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, लॅपटॉप कुठला घ्यायचा?" मी सांगतो, साधा घ्या, नाहीतर सध्या घेऊच नका, पहिल्या सेमला सी प्रोग्रामिंगपुरतं कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं आणि ब्रँच बघून पुढे काय लागेल ते दुसऱ्या वर्षी कळतंच. ते पैसे तोवर बँकेत राहूदेत. खरा प्रश्न कोणी विचारत नाही, तो म्हणजे रोज संध्याकाळी घरी आल्यावर नेमकं करायचं काय, कारण बारावीपर्यंत ते क्लासवाले ठरवत होते आणि इथे ठरवणारं कोणी नाही.

मी मेकॅनिकल केलं, सध्या गोव्यात वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटीत नोकरीला आहे, आणि रविवारी फोंड्याला मित्राच्या घरी फर्स्ट इयरच्या मुलांचं मॅथ्स आणि मेकॅनिक्स बघतो, फीबी काही नाही, चहा आणि भाजीपाव मिळतो. फर्मागुडी, शिरोडा, वेर्णा, फातोर्डा, आसगाव, सगळीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची मुलं आलीयत आतापर्यंत आणि कॉलेज कुठलंही असो, अडतात सगळी त्याच ठिकाणी. वर्गात सरांनी बोर्डवर गणित सोडवलं, सगळं समजलं, वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं, आणि परीक्षेत तेच गणित जरा आकडे बदलून आलं की पहिल्या ओळीलाच पेन थांबतं. म्हणून माझं एकच सांगणं असतं, समजलं की नाही ते सोडा, वही बंद करून कोऱ्या कागदावर येतं का ते त्याच दिवशी बघा.

बारावीला हे चालून जातं त्याला कारण आहे, एंट्रन्सची तयारी म्हणजे बहुतेक चार ऑप्शन, त्यातले दोन बघूनच उडतात, उरलेल्या दोनात किंमत टाकून बघायची, आणि मुलं त्यात एकदम तरबेज झालेली असतात. इथे ऑप्शन नाहीत. इथे स्टेपला मार्क आहेत, उत्तर चुकलं तरी डायग्राम आणि समीकरण बरोबर असेल तर बरेच मार्क मिळतात, आणि उत्तर बरोबर पण मधलं काहीच नाही तर तपासणारा तरी काय देणार.

एक गणितच घेऊ. मेकॅनिक्सची ती शिडी सगळ्यांनाच येते. ५ मीटरची शिडी, भिंत गुळगुळीत, शिडीचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर, शिडीचं वजन २०० न्यूटन मधोमध. जमिनीवर घर्षण किती लागेल? दहातली सहा-सात मुलं फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे शिडीवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती, काढताना भिंतीवरही घर्षणाचा बाण काढतात, कारण जमिनीवर काढून हाताला सवय झालेली असते. अरे पण भिंत गुळगुळीत म्हटलीय ना, मग ती फक्त आडवं ढकलू शकते, उभा बाण तिथे येणारच नाही. हा बाण गेला की अर्धं गणित सुटलं. मग मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा? पायाशी, कारण जमिनीचे दोन्ही अनोळखी बल तिथून जातात म्हणजे समीकरणातून दोघंही बाहेर. वजन पायापासून आडवं दीड मीटरवर, भिंतीचा टेकू ४ मीटर उंचीवर, म्हणजे २०० गुणिले दीड भागिले ४, भिंत ७५ न्यूटनने ढकलते, आडवा दुसरा बल फक्त घर्षणाचा, म्हणून तेही ७५. जमीन वर २०० ने उचलते, म्हणून घर्षणाचा गुणांक, म्हणजे ७५ भागिले २००, निदान ०.३७५ पाहिजे.

इथवर सगळे करतात आणि पान उलटतात. मी उलटू देत नाही. त्याच शिडीवर ६०० न्यूटनचा माणूस चढवा, अगदी वरच्या टोकापर्यंत, आणि परत करा. घर्षण आता ५२५ लागतं, जमीन उचलते ८००, गुणांक ०.६५ च्या वर गेला. म्हणजे रिकामी असताना छान उभी राहणारी शिडी माणूस वर पोचता पोचता घसरू शकते, आणि मे महिन्यात छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतायला कोणी चढला की खाली एकजण शिडी धरून का उभा असतो ते आता तुम्ही आकड्यात सांगू शकता. असं एक गणित तीन प्रकारे मोडून बघितलं ते वीस सोडवलेली गणितं वाचण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. आणि हो, कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे का बघा. साइन ३० ला ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे, आणि हे पेपर चालू असताना कळलं की पुढची दहा मिनिटं गेलीच.

वही बंद करून आठवण्याचं म्हणाल तर ते काही माझं डोकं नाही. २००८ साली सायन्स या साप्ताहिकात कार्पिकी आणि रोडिगर यांचा प्रयोग आला होता, कॉलेजच्या मुलांना परक्या भाषेतले शब्द पाठ करायला दिले, काहींनी शब्द येऊ लागल्यावर पुन्हा पुन्हा नुसते वाचले, काहींनी पुन्हा पुन्हा स्वतःची परीक्षा घेतली. आठवड्यानंतर परीक्षा घेणाऱ्यांना ८० टक्क्यांच्या आसपास आठवत होते, वाचणाऱ्यांना त्याच्या निम्मेही नाही. गंमत म्हणजे किती आठवेल असं आधी विचारलं तेव्हा दोघांचा अंदाज साधारण सारखाच होता. म्हणजे आपल्याला येतंय असं वाटणं हे अजिबात भरवशाचं नाही.

ग्रुप स्टडीचंही तसंच. आपल्याकडे ग्रुप स्टडी म्हणजे एकजण सोडवतो, बाकीचे "हां हां बरोबर" म्हणतात आणि मग सगळे मिळून मोबाईल बघतात. अमेरिकेत बर्कलीला १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन नावाच्या गणिताच्या माणसाने फर्स्ट इयरच्या कॅल्क्युलसमध्ये कोण पास होतं, कोण अडकतं, ते मुलांसोबत राहून बघितलं. त्याला दिसलं की चांगलं करणारी मुलं आधी एकटी बसून गणितं करायची आणि मग एकत्र जमून उत्तरं ताडून बघायची, भांडायची. मागे पडणारी मुलंही मेहनती होती, पण अभ्यास पूर्ण एकट्याने, त्यामुळे आपण नेमके कुठे चुकतो हे त्यांना परीक्षेपर्यंत कळायचंच नाही. माझ्याकडे रविवारी येणाऱ्यांना म्हणूनच अट आहे, करून या, चुकलेलं चालेल, पण कोरं नको.

ड्रॉइंगचं वेगळं सांगायला पाहिजे कारण बारावीला चांगले मार्क असलेली मुलंही इथे गांगरतात. आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे समोरचा व्ह्यू वर, वरून बघितलेला खाली, डावीकडून बघितलेला उजवीकडे. हे पाठ करून होत नाही, डोळ्यासमोर वस्तू फिरली पाहिजे. त्याला माझा उपाय म्हणजे कपडे धुवायची साबणाची वडी. सुरीने तिचा एक कोपरा तिरका कापा, मध्ये एक खाच पाडा, टेबलावर ठेवा आणि तिन्ही बाजूंनी एक डोळा मिटून बघून काढा. मग एक नवीन काप द्या आणि परत काढा. पाच-सहा वड्यांत बऱ्याच जणांना दिसायला लागतं, आई ओरडते तेवढंच. पेन्सिली दोन वेगळ्या ठेवा, टूएच बांधणीच्या रेषांना आणि एचबी ठळक रेषांना, आणि मिनी ड्राफ्टर, म्हणजे बोर्डाला लावून रेषा मारायचं साधन, सिनियरकडून जुना घ्या, पण स्क्रू सैल नाहीत ना ते आधी बघा.

केमिस्ट्री "कॉम्प्युटरवाल्यांना कशाला" असं दरवर्षी कोणीतरी म्हणतंच. मी त्यांना मांडवीचा पूल सांगतो. पणजीचा पहिला नेहरू पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, बांधून धड वीस वर्षंही झाली नव्हती, आणि कारण काय तर आतल्या ताण दिलेल्या केबल गंजल्या. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यानंतर पणजीला जायला फेरीबोटीच्या रांगेत कसं उभं राहावं लागायचं. करोजनचा तो कंटाळवाणा चॅप्टर हाच. खारी हवा आणि चार महिने पाऊस असलेल्या गोव्यात नोकरी करणाऱ्याला तो कुठल्याही ब्रँचमध्ये भेटतोच, आमच्या कंपनीत तर रोज.

प्रोग्रामिंगचं थोडक्यात. कोड आधी कागदावर लिहा आणि लूपच्या प्रत्येक फेरीला कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय आहे त्याचा तक्ता करा. शून्यापासून मोजायला सुरुवात केली आणि शेवटी "कमी किंवा समान" लावलं की ॲरेच्या, म्हणजे ओळीने ठेवलेल्या किमतींच्या, बाहेरचं एक घर वाचलं जातं, आणि सी बऱ्याचदा तक्रारही करत नाही, गुपचूप चुकीचं उत्तर देतं. चॅटजीपीटीला विचारू नका असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी ऐकणार कोण, पण आधी स्वतःचा मोडकातोडका कोड लिहा आणि मग त्याला यात चूक कुठे ते विचारा. तयार कोड मागितला तर व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तुम्ही आणि एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, दोघंच असता.

आता वेळ. वाळपई, पेडणे, काणकोण इथून रोज ये-जा करणारी मुलं असतात, दोन बसा बदलून. सकाळची बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं, आणि हजेरी ७५ टक्के लागते हे नोव्हेंबरात आठवून उपयोग नाही. बसमध्ये पुस्तक उघडू नका, वळणांवर डोकं गरगरतं, त्यापेक्षा डोळे मिटून आज कुठल्या लेक्चरला काय काय झालं ते मनात एकदा परत म्हणून बघा, जे आठवत नाही तेच रात्रीचं काम. आणि खरा अभ्यास कॉलेजच्याच मधल्या मोकळ्या तासांत लायब्ररीत उरकायचा. ते तास कँटीनमध्ये कसे जातात कळत नाही, आणि घरी पोचल्यावर अंगात जीव राहत नाही. रात्री नऊ वाजता मॅथ्स-वनची पार्शियल डेरिव्हेटिव्ह करणारा मी तरी कमीच बघितलाय.

पहिल्या सेमची दुसरी अडचण अस्सल गोव्याची. कॉलेज सुरू होऊन जरा बसतं न बसतं तोवर चवथ, म्हणजे गणपती, येते, प्रॅक्टिकलचं जर्नल "चवथीनंतर बघू" म्हणून बाजूला पडतं, मग इंटर्नल टेस्ट, मग दिवाळी, आणि दिवाळीआधी वाड्यावरचा नरकासुराचा पुतळा. मुलं रात्र रात्र जागून कागद चिकटवतात. करा की, मीही केलाय, नरकासुराशिवाय कसली दिवाळी, पण सेमिस्टरची परीक्षा त्याच्या मागोमागच असते. म्हणून चवथीला घरी जाण्याआधी तोवरची सगळी जर्नलं सही करून घ्यायची, एवढं केलं तरी नंतरचा गोंधळ अर्ध्यावर येतो. वर्कशॉपचा जॉबही लटकवू नका, फायलिंग करताना, म्हणजे कानशीने लोखंड घासताना, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून फटीतून उजेड दिसतो का बघत बसायला वेळ लागतो, शेवटच्या दिवशी घासून तो चौकोन काटकोनात येत नाही.

वर्गात विचारायला लाज वाटते हे खरं आहे, विशेषतः चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलेल्या आणि इंग्लिशमध्ये बोलताना अडखळणाऱ्या मुलांना. मग लेक्चर संपल्यावर स्टाफरूमबाहेर गाठा आणि सरळ कोंकणीतून विचारा, "सर, हें म्हाका कळूंक ना." बहुतेक सर-मॅडम थांबून सांगतात. फक्त "पूर्ण चॅप्टरच नाही कळला" असं म्हणू नका, आपण केलेला कागद दाखवा, इथवर आलो आणि इथून पुढे अडलो. नाहीच जमलं तर एनपीटीईएलवर आयआयटीवाल्यांची लेक्चरं फुकट आहेत, जरा संथ असतात, पण पाहिजे तिथे थांबवता येतात.

पैशांची ओढाताण असेल तर गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी कर्जाची योजना आहे, तिची चौकशी ॲडमिशनच्या वेळीच करा, कागदपत्रं जमवायलाच बरेच दिवस जातात. कदंबा बसचा विद्यार्थी पासही पहिल्याच आठवड्यात काढा.

आणि एवढं करून एखादा विषय राहिलाच तर घरी लपवू नका. बॅक लागलेली बरीच मुलं आज माझ्यासोबत काम करतात आणि त्यांना कोणी त्याबद्दल विचारत नाही. दोन मार्कांनी गेला असेल तर उत्तरपत्रिका बघायला मिळते का, रिव्हॅल्युएशनचा फॉर्म कधीपर्यंत आहे, ते रिझल्टच्या दिवशीच ऑफिसात जाऊन विचारा. राहिलेला विषय मॅथ्स-वन असेल तर मॅथ्स-टूची लेक्चरं सुरू व्हायच्या आत सुट्टीतच त्याला हात घाला, पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. फॉर्मची तारीख नोटीस बोर्डावर स्वतः वाचा, क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती बहुतेक वेळा खिडकी बंद झाल्यावर पोचते.